म्हशीचा मेंदू आणि मामीची बोलणी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एका दमात सांगतो: मामीचे. आई-वडिलांचे आहेतच. पण ते ऊसतोडीला गेले की अर्धं वर्ष बाहेर असायचे, आणि शाळा काही त्यांच्या मागून फडात चालत येणार नव्हती. म्हणून चौथीनंतर मला नांदगाव तालुक्यात मामाच्या गावी ठेवलं. मामाचं गाव म्हणायचं, घर मात्र मामीचं. हे मामा स्वतःच पाहुण्यांना सांगायचे, आणि सांगताना एकदा आत स्वयंपाकघराकडे बघून घ्यायचे.

मामीकडे एक म्हैस होती. तिला नाव नव्हतं. मामी तिला ‘बाई’ म्हणायची, म्हणून सगळेच ‘बाई’ म्हणायचे. बाईच्या दुधावर माझी वह्या-पुस्तकं आली, पुढं नाशिकचं वसतिगृह आलं, खानावळ आली. बाई आमची मोठी देणगीदार होती आणि देणगीदारांना असतो तसा तिलाही एक हट्ट होता. ती मामीशिवाय कुणाला दूध द्यायची नाही.

पारडू असलं की हे काम सोपं असतं. आधी पारडू सोडायचं, त्यानं कासेला दोन ढुशा दिल्या की म्हैस पान्हा सोडते. मग पारडू बाजूला बांधून माणसानं धार काढायची. पण बाईचं पारडू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावलं. तेव्हापासून, पुढं पुन्हा व्याली तरी, तिनं मामीलाच धरलं. मामा चरवी घेऊन बसले की बाई मान वळवून त्यांच्याकडे असं बघायची, जसं बँकेतला साहेब अपुरे कागद घेऊन आलेल्या माणसाकडे बघतो. कास दगडासारखी घट्ट, सड कोरडे, चरवीच्या तळाला चार थेंब.

त्यामुळे सकाळच्या धारेपासून संध्याकाळच्या धारेपर्यंत जेवढं मावेल, तेवढंच मामीचं जग. नांदगावचा बाजार त्यात मावायचा. मनमाड ओढूनताणून मावायचं. एकदा मनमाडला बहिणीकडे हळदीला गेली, परतीची गाडी चुकली आणि रात्र तिकडेच काढावी लागली. इकडे बाईची कास सुजली, ताप भरला, डॉक्टर आणावा लागला. त्यानंतर मामीनं मुक्काम हा शब्दच टाकून दिला, बाई आटलेली असली तरी. नाशिक तिनं पाहिलेलं नव्हतं.

मी मात्र नाशिकला आलो. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढं गेलेला पहिला मीच. मराठी शाळेतून आलेला मुलगा, आणि कॉलेजात प्राणिशास्त्र सगळं इंग्रजीतून. पहिलं वर्ष मी माना डोलवण्यात काढलं. बाकीचे हसले की हसायचं, लिहायला लागले की लिहायचं. दुसऱ्या वर्षी मॅडमनी अंतःस्रावी ग्रंथींचा धडा काढला आणि माझं सगळं आयुष्य एका तासात सरळ झालं. अतिशयोक्ती वाटेल, पण मला तेव्हा तसंच वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.

मॅडमनी फळ्यावर मेंदू काढला. त्याच्या तळाशी, देठाला लटकलेल्या वाटाण्यासारखी पिट्युटरी ग्रंथी. म्हणाल्या, हिला सगळ्या ग्रंथींची मालकीण म्हणतात. ही सांगते तेव्हा थायरॉईड कामाला लागते, ही सांगते तशी हाडं वाढतात, अंगात दूध तयार होतं. सगळं ही रक्तातून निरोप पाठवून करवते. पण हिच्या वरती, मेंदूतच, हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग बसलेला असतो. तो खालच्या देठातून, बारीक रक्तवाहिन्यांतून, हिला हळूच सांगतो: हे सोड, ते थांबव. रक्तात एखादी गोष्ट जास्त झाली की त्याची वर्दी उलट वर जाते आणि तो म्हणतो, पुरे आता. मालकिणीलाही मालकीण आहे.

मी मोठ्यानं हसलो. वर्गात दुसरं कुणीही हसत नव्हतं.

“काय झालं?” मॅडम म्हणाल्या.

मी उभा राहिलो. इंग्रजी घशातच अडकलं, म्हणून मराठीत म्हणालो, “मॅडम, आमचे मामा पिट्युटरी आहेत.”

वर्ग फुटला. मॅडम हसल्या नाहीत, खडू खाली ठेवून म्हणाल्या, “समजावून सांग.”

मी सांगितलं. गावाला वाटतं घर मामा चालवतात. सोसायटीत सही त्यांची, गड्याला हाक त्यांची, कांदा कधी विकायचा ते पारावर जाहीर करणार तेच. पण जाहीर करायच्या आधी ते पाणी प्यायला घरात येतात, आणि आत मामी असते.

“आणि उलट वर्दी?” मॅडमनी विचारलं.

“मामांचा आवाज फार वाढला की आतून भांडं आपटल्याचा आवाज येतो. मग मामा थांबतात.”

आता मॅडमही हसल्या. “बस खाली. यापुढं तुला हा धडा कधी विसरता येणार नाही. पण अजून मागचा भाग राहिलाय.”

पिट्युटरीचा मागचा भाग स्वतः काहीच तयार करत नाही. माल मेंदूतच तयार होतो, मज्जातंतूंतून खाली येतो आणि इथं नुसता साठवलेला असतो. मेंदूकडून इशारा आला की तो रक्तात सुटतो. त्यातला एक म्हणजे ऑक्सिटोसिन. मॅडम म्हणाल्या, दूध तयार होणं वेगळं आणि दूध सुटणं वेगळं. दूध कासेत तयार असतं, पण ते बारीक बारीक कप्प्यांत अडकलेलं. वासरानं तोंड लावलं की निरोप मेंदूत जातो, ऑक्सिटोसिन सुटतं, ते रक्तातून कासेत पोचतं, तिथले कप्पे आवळले जातात आणि दूध खाली येतं. पुष्कळदा तर स्पर्शही लागत नाही. रोज ऐकलेला बादलीचा आवाज पुरतो. आणि जनावर घाबरलं की सगळं बंद.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हा पान्हा! मॅडम मघापासून पान्ह्याबद्दल बोलत होत्या. आमच्या गोठ्यातली गोष्ट नाशिकच्या फळ्यावर रंगीत खडूनं काढलेली होती आणि अख्ख्या वर्गात तिच्यातल्या शेणाचा वास फक्त मला येत होता.

तास संपल्यावर मी कॉलेजच्या फाटकाबाहेर वडापावच्या गाडीशी उभा राहून मामीला फोन लावला.

“मामी, आपल्या बाईच्या डोक्यात एक ग्रंथी असते.”

“अगं बया! गाठ झाली? डॉक्टरला बोलवू का?”

“गाठ नाही गं. सगळ्यांनाच असते. तुलापण आहे.”

“मला बी? आन तुझ्या मामाला?”

“मामांनापण.”

“काय उपेग दिसंना तिचा,” मामी म्हणाली. आणि लगेच, “जेवला का?”

पुढं मी पास झालो. चांगला पास झालो. पदवीदान समारंभाचं पत्र आलं, सोबत घरच्या दोन माणसांना बोलावणं होतं. आई-वडील तेव्हा कारखान्यावर, फड सोडून येणं शक्यच नव्हतं. आईनंच फोनवर सांगितलं, “मामीला घेऊन जा. तिनं बघितलं म्हंजी मी बघितलं.” मी गावी गेलो आणि पत्र मामीच्या हातात दिलं. मामी चौथी शिकलेली. तिनं ते बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं आणि घडी घालून देवापुढं ठेवलं.

“मी नाय येऊ शकत, लेका. संध्याकाळची धार कोण काढंल?”

“मामा.”

आम्ही दोघांनी मामांकडे बघितलं. मामांनी छताकडे बघितलं.

समारंभ दुपारचा होता. सकाळची धार काढून निघता आलं असतं, पण संध्याकाळच्या धारेला परत पोचणं अशक्य. मला एकच गोष्ट हवी होती: तो काळा झगा घालून मी मंचावर चढेन तेव्हा समोर मामी बसलेली असावी. आणि मी प्राणिशास्त्राचा पदवीधर होतो. मामी आणि नाशिक यांच्यामध्ये एक वाटाण्याएवढी ग्रंथीच तर होती. मी हाताशी थोडे दिवस ठेवूनच गेलो होतो.

पहिला उपाय सगळ्या गावाला माहीत असतो. धार काढणारी घरी नसली की पुरुषानं तिची साडी नेसून धारेला बसायचं. मामांनी मामीची जुनी हिरवी साडी धोतरावरून गुंडाळली, पदर डोक्यावरून घेतला आणि मिशा पदरात लपवल्या. मी बांगड्याही घाला म्हणालो, पण त्या मनगटापाशीच अडल्या. बाईनं साडी हुंगली. पहिल्यांदा वाटलं, जमतंय. मग तिनं पदर तोंडात धरून ओढला आणि मामांचा पूर्ण चेहरा उघडा पडल्यावर चरवीला अशी लाथ घातली की चरवी थेट उकिरड्यात.

“मिशा काढायला पायजे होत्या,” मी म्हणालो.

“आधी तुझी पदवी काढ,” मामा म्हणाले.

शेजारचे एक काका कुंपणावरून सगळं बघत होते. ते म्हणाले, “कशाला तमाशा करता? सुई मारा. टोचली की चरवी भरली. गुपचूप मिळतीया.” ते त्याच ऑक्सिटोसिनबद्दल बोलत होते. मी तावातावानं सांगायला लागलो की त्याला कायद्यानं बंदी आहे, जनावराला ते वाईट. मामीनं मला हातानंच थांबवलं.

“तिच्या मनात नसताना तिच्याकडून काढून घ्यायचं, व्हय? ते माझ्या दारात नाय व्हायचं.” काका कुंपणाखाली गेले.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की आधी नुसतं बघायचं. गोठ्यात वैरणीच्या ढिगावर बसलो. मामी अजून अंगणात होती. सकाळी धारेच्या आधी ती जे रोज करायची, तेच चालू होतं, आणि ते इतकं रोजचं होतं की आम्हाला कुणालाच ते ऐकूही येत नसे. ती मामांना बोलत होती.

“उठा की वो! सूर्य आला डोक्यावर, कोंबड्यांची दुसरी झोप काढून झाली. आन हा टावेल? खुंटी काय शोभेला ठोकली? जनावराला दावणीला उभ्या उभ्या कळतं, तुमाला खाटंवर पडून कळंना!”

माझी नजर बाईच्या कासेवर होती. कान आधी हलले. रवंथ थांबला. जरा वेळानं एका सडाच्या टोकाला पांढरा थेंब आला, फुगला आणि खाली पडला. मग दुसऱ्या. मामी अजून गोठ्यात आलेलीच नव्हती!

मी ढिगावरून घसरत खाली आलो, अंगणात धावलो आणि मामीचे खांदे धरून तिला गोल फिरवलं.

“तू नाहीस! साडी नाही, वास नाही, हात नाही! मामांना बोलतेस ना, ते! बाईला बोलणी ऐकली की पान्हा फुटतो!”

“येड लागलं पोराला शिकून,” मामी म्हणाली. मामा मात्र खाटेवर उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं तेज आलं होतं. “म्हंजी इतकी वर्सं,” ते म्हणाले, “ह्या घरचं दूध माझ्यामुळं निघतंय?”

आता फक्त मामीची बोलणी माझ्या फोनवर भरून घ्यायची होती. पण फोन समोर धरल्यावर मामी पदर सारखा करून उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, उठता का? चहा झालाय.” असल्या गोड बोलण्यावर मुंगीलाही पान्हा फुटला नसता. मी म्हणालो, मनापासून बोल. ती लाजली. “उगाच कसं बोलायचं माणसाला? काय केलंय त्यांनी?”

तेव्हा मामांनी त्याग केला. दुसऱ्या सकाळी ते धारेच्या घासूनपुसून ठेवलेल्या चरवीत पाणी घेऊन दाढी करायला बसले. मी खिडकीआड फोन चालू करून उभा होतो. मामीनं साबणाचा फेस चरवीत बघितला. पुढचं इथं लिहीत नाही. त्यात मामांच्या वडिलांचा, लग्नातल्या मानपानाचा आणि एका हरवलेल्या छत्रीचाही उल्लेख होता. मामा निम्म्या दाढीनं डोळे मिटून, एखादं कीर्तन ऐकावं तसे ऐकत होते.

पहिला प्रयोग फसला, कारण मी भजनी मंडळाचा स्पीकर मागून आणला. आवाज गोठ्यात मावला नाही, अख्ख्या गल्लीत घुमला. छत्रीपर्यंत पोचता पोचता बाईनं दावं ताणलं आणि कास घट्ट आवळून घेतली. भीतीनं पान्हा थांबतो, हे मी शिकलोच होतो. गल्लीतून मात्र कुणीतरी ओरडलं, “वहिनी, छत्री आमच्याकडं हाय!”

संध्याकाळी स्पीकर न लावता नुसता फोन गव्हाणीत ठेवला, आवाज मामीच्या अंगणातल्या आवाजाएवढा. मामीला मुद्दाम शेतात पाठवलेलं. मामांनी भिजवलेल्या पेंडीचं आंबोण बाईपुढं ठेवलं आणि खाली बसले. कान हलले. रवंथ थांबला. थेंब आला. मामांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा बाईची धार वाजली, आणि चरवीत फेस चढताना मी आणि मामा आवाज न करता नाचलो. मामा बसल्या बसल्या नाचले, कारण हात सोडता येत नव्हते.

मामी शेतातून आली. मी चरवी तिच्यापुढं धरली. तिनं आत बघितलं, चांगली पाऊण भरलेली. मला वाटलं ती हसेल.

“म्हंजी माझ्याबिगर चालतं तिचं,” मामी म्हणाली आणि हात धुवायला निघून गेली.

माझा सगळा आनंद तिथंच जमिनीवर बसला. मी मामीला नाशिकला न्यायला निघालो होतो आणि तिच्याकडून तिची बाई काढून घेतली होती. रात्री जेवताना ती मामांना एक शब्दही बोलली नाही. मामांनी मुद्दाम ताटात हात धुतला तरी नाही.

पण ती आली. समारंभाच्या दिवशी सकाळची धार तिनं स्वतः काढली, बाईच्या कपाळावरून हात फिरवला, भाकरी-ठेच्याची पिशवी भरली आणि आम्ही नांदगावहून गाडी पकडली. माझा फोन गव्हाणीत, मामांच्या ताब्यात राहणार होता. मनमाड मागं पडल्यावर मामी खिडकीला नाक लावून बसली. नाशिकरोडला उतरल्यावर म्हणाली, “एवढंच लांब हाय व्हय?”

सभागृहात ती पाचव्या रांगेत बसली. भाषणं लांबली. खिडकीतली उन्हं पिवळी व्हायला लागली तशी मामीची बोटं मांडीवर आपोआप हलायला लागलेली मला लांबून दिसली. मूठ आवळ, सोड, आवळ, सोड. तिच्या मेंदूलाही वेळ कळत होती. माझं नाव पुकारलं. मी मंचावर चढलो, कागद हातात घेतला आणि समोर बघितलं. मामी उभी राहून टाळ्या वाजवत होती. सभागृहात एकटीच उभी. मी टोपी नीट करायला हात वर केला आणि त्याच वेळी मामीची पिशवी वाजायला लागली.

भाकऱ्यांच्या खाली, ठेच्याच्या डब्याला चिकटून, माझा फोन होता. मी झग्यासकट धावत आलो आणि आम्ही व्हरांड्यात गेलो. पलीकडून मामा त्यांच्या बटणांच्या फोनवरून बोलत होते.

“अरे, गव्हाणीत फोनच नाय! साडी नेसलोय, आंबोण ठेवलंय, बाई नुसती बघतीया माझ्याकडं. कास बघ कशी ताठली!”

मामीच्या चेहऱ्यावर मनमाडची ती रात्र दिसली. मग ती सावरून म्हणाली, “हिकडं आण तो.” आणि फोनमध्ये, “बाईच्या कानाशी धरा. नीट धरा! तुमाला एक गोष्ट धड धरता येती का? लगनात अंतरपाट धरणाऱ्याला तरी येत होतं! आन साडी कंची नेसलाय? हिरवी? माझ्या आईनं दिलेली? शेणात बसलाय तिच्यासकट?”

मामी तापत गेली. व्हरांड्यात झगे घातलेली मुलं आणि त्यांचे आई-बाप थबकले. कुणाचे तरी वडील नकळत आपल्या शर्टाची बटणं लावायला लागले. आमच्या मॅडम दारातून बाहेर आल्या. मी त्यांच्याकडे बघून हळूच म्हणालो, “मॅडम, हायपोथॅलॅमस.” त्यांना सगळं एका क्षणात कळलं आणि त्या खांबाला धरून हसायला लागल्या.

मग मामी एकदम गप्प झाली. फोन कानाला घट्ट दाबला. मामांनी त्यांचा फोन गव्हाणीत टाकला असावा; पलीकडून काहीतरी ऐकू येत होतं. तिनं फोन माझ्याही कानाशी आणला. चर्र, चर्र, चर्र. रिकाम्या चरवीच्या तळावर धार वाजत होती.

मामीचे डोळे भरले. “माझंच ऐकती,” ती म्हणाली. “बघितलं का? माझंच.”

फोन पिशवीत कसा गेला, ते मी तेव्हा विचारलं नाही. पुढं एम.एस्सी., बी.एड. करून नोकरी लागल्यावर, पहिल्या आठवड्यात, मी तिला पत्र पाठवलं. फोनवर ती मला वाक्य पुरं करू देत नाही म्हणून पत्र. ते असं होतं:

“तीर्थरूप मामीस साष्टांग नमस्कार.

मी इथं ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागलो. काल पहिला धडा पिट्युटरीचा घेतला. मुलांना तुझी आणि मामांची गोष्ट सांगितली, नावं सांगितली नाहीत. मागच्या बाकावर एक मुलगी आहे, मुकाट्यानं माना डोलवणारी. ती हसली. मला तेवढं पुरलं.

एक गोष्ट लिहायची होती. मॅडमनी शिकवलं होतं की दूध तयार होणं वेगळं आणि सुटणं वेगळं. तसंच आहे हे. तुझ्याविषयी जे वाटतं ते माझ्यात केव्हापासून तयार आहे, पण तुझ्यासमोर आलो की मी भाकरी मागतो. बोलता काही येत नाही. म्हणून लिहितो: मी जो काही आहे तो तुझ्यामुळे आहे.

बाईची काळजी करू नकोस. ती आटली की, पुढच्या वेतापर्यंत, तू आणि मामा इथं राहायला या. खोली लहान आहे, पण गोदावरी जवळ आहे. मुक्काम करायचा. टाकलेला हा शब्द आता परत उचलायचा.

फोन पिशवीत कुणी टाकला होता, ते मी कधीच विचारणार नाही. ज्यानं टाकला, त्याला माझ्याकडून शाबासकी दे.

मामांना बोलत जा. ते हल्ली म्हणतात, घरात शांतता फार झाली की त्यांना करमत नाही.

तुझा भाचा.”